कोनशिलेवरची मोठी अक्षरं: आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना आणि तरुण संघाला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळी आणि तरुण संघातल्या लेकरांनो,

सलाम.

मागच्या रविवारी उपासनेनंतर झालेल्या बैठकीला मी होते. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. नाईट ड्युटी करून थेट उपासनेला यायचे तेव्हा तिथे डुलकी लागली तरी कोणाला दिसत नसे, तेव्हापासून ती जागा माझी झाली. मी बोलायला उभी राहिले तेव्हा कोणीतरी म्हणालं, "सिस्टर, चहा थंड होतोय." चहा खरंच थंड होत होता, म्हणून बसले. आता लिहितेय. उघड पत्र लिहितेय, कारण यात बाहेरच्यांपासून झाकावं असं काही नाही. त्यांनी वाचलं तर बरंच.

बैठकीत ठरलं ते असं. पुढची दगडी भिंत पाडून कमान बांधायची. हमरस्त्यावरून दिसेल असा विजेवर झळकणारा क्रूस उभा करायचा. यंदाचा नाताळ लॉनवर, डीजे लावून, शहरातल्या इव्हेंटवाल्यांकडून करून घ्यायचा. घरटी वर्गणी ५,००० रुपये. आणि कमानीवर ग्रॅनाइटची कोनशिला: ५१,००० देणाऱ्याचं नाव सोनेरी मोठ्या अक्षरांत, २५,००० वाल्याचं मध्यम, ५,००० वाल्याचं बारीक. ज्यांच्याकडून तेवढेही होणार नाहीत त्यांचं काय, हे बोलायचं राहून गेलं.

त्या बैठकीतलं एक वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. तरुण संघातला एक मुलगा उभा राहिला (नाव घेत नाही, त्याला पोलिओचे डोस मी पाजलेत) आणि म्हणाला, "लोक आपल्याला हिणवतात, कारण आपण फाटके दिसतो. एकदा मोठं करून दाखवलं की तोंडं बंद होतील."

टाळ्या पडल्या. माझेही हात उचलले गेले होते, कारण त्याच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे. कंपनीत डबा खाताना कोणीतरी त्याला विचारलं होतं, "काय रे, तुझ्या आज्याला बाटायचे किती मिळाले होते?" सगळे हसले. तोही हसला. आपणही हसलो, हेच त्याला जास्त लागलंय असं मला वाटतं.

बाळा, त्या प्रश्नाचं उत्तर तुला कोणी दिलं नसेल तर मी देते. आपली घराणी एकाच गावकुसाबाहेरची. काय मिळालं ते मला आजीने सांगितलंय.

भाकर मिळाली. ही गोष्ट आपण लपवतो, आणि लपवतो म्हणूनच ती आपल्याला बोचते. १८९९-१९०० च्या दुष्काळात माझे पणजोबा, पणजी आणि तीन लेकरं पाला उकडून खात होती. मिशनने त्यांना दगड वाहायच्या कामावर घेतलं आणि संध्याकाळी ज्वारी मोजून दिली. पाचातली चार जगली. त्याच गावात धान्याची पेवं होती आणि ती उघडली गेली नाहीत. भाकर का खाल्ली, हे आपल्याला सव्वाशे वर्षं विचारलं जातंय. पेव का उघडलं नाही, हे कोणी कोणाला विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि भाकरीने माणूस बाटतो म्हणावं तर १९७२ आठवा. मी तेव्हा १४ वर्षांची. सगळा मुलूख रेशनच्या रांगेत उभा राहून अमेरिकेहून आलेली लाल मिलो घेत होता. तिची भाकरी थापली की कडेने तडकायची, रंग विटेसारखा, आणि गार झाली की तिने खिळा ठोकावा. पाटलाच्या घरी तीच, आमच्या घरी तीच. त्या वर्षी कोणी बाटल्याचं ऐकिवात नाही.

भाकरीनंतर काय मिळालं? बलुतं बंद झालं. सुगीत खळ्यावर जाऊन पेंढ्या मागायचा हक्क गेला. पणजोबांच्या सख्ख्या भावाने त्यांच्या दारचं पाणी सोडलं. म्हणजे गावाने टाकलेल्यांनी पुन्हा टाकलं. पणजीला मात्र एक गोष्ट मिळाली. तिशी उलटल्यावर ती शाळेतल्या पोरींच्या मागे भिंतीला टेकून बसायची आणि अक्षरं गिरवायची. पुढे ती बायबलबाई झाली, लुगड्याच्या ओच्यात पुस्तक बांधून पाच-सहा गावं पायी करायची. महिना किती मिळायचा ते आजीलाही आठवत नव्हतं, पण चपला नव्हत्या हे आठवत होतं.

आणि एक शब्द मिळाला. त्याच्याचसाठी एवढं लांबण लावलं.

पणजोबा आधी पाटलासमोर "जोहार मायबाप" म्हणत. कमरेत वाकून, जोडे हातात घेऊन. बाप्तिस्म्यानंतर एक दिवस त्यांनी चावडीसमोर उभं राहून "सलाम, पाटील" म्हटलं. सरळ उभं राहून. त्याची किंमत तीन आठवडे पाठीवर दिसत होती, असं आजी सांगायची. पण शब्द त्यांनी बदलला नाही. पाटलाला सलाम, पाळकाला सलाम, गुरं राखणाऱ्या पोराला सलाम, आणि घरात शिरताना बायकोलाही सलाम. पणजी म्हणे पहिल्यांदा पदराआड हसली होती.

आपल्या मंडळीत आजही आपण एकमेकांना भेटलो की सलाम म्हणतो. सवयीने म्हणतो. त्या शब्दात एकच माप आहे, सगळ्यांना सारखं. आता तुम्ही कमानीवर तीन मापांची अक्षरं कोरणार आहात. वर मोठी, मधे मध्यम, खाली बारीक, आणि त्याच्याही खाली ज्यांची नावं नाहीत ते. पंचांनो, जी उतरंड उतरून आपले पणजे बाहेर पडले, ती आपण वर्गणी काढून, ग्रॅनाइटमध्ये, देवळाच्या दारावर बसवणार. मला एवढंच खटकतंय. डीजेचं मी एक वेळ सोसेन, कानात कापूस घालून.

राहिलं हिणवण्याचं. त्याला मोठेपणा हे औषध आहे का? माझा अनुभव असा की हिणवणाऱ्याकडे दोन्ही बाजूंची वाक्यं तयार असतात. फाटकं नेसलं तर भाकरीसाठी बाटलेले, चांगलं नेसलं तर डॉलरवर माजलेले. विजेचा क्रूस हमरस्त्यावरून दिसला की पहिला प्रश्न येईल, पैसा कुठून आला? तुम्ही पावत्या दाखवाल. पावत्या कोण वाचतो?

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. मी १९७६ साली नर्सिंगला गेले, पुढे एका मिशनच्या दवाखान्यात लागले. पगार एवढा की पांढऱ्या साड्या तीन, त्यातली एक कायम दोरीवर. स्त्रियांच्या वॉर्डात एक म्हातारी आली होती, मांडीचं हाड मोडून. बागायतदाराघरची. वजन लटकवून पाय बांधलेला, हलायची सोय नाही. पहिल्याच दिवशी तिने मला आडनाव विचारलं. आडनाव ऐकून तिचा चेहरा सैल झाला, कारण आपली आडनावं सगळ्यांसारखीच. मग नाव विचारलं. नाव बायबलमधलं. चेहरा परत आवळला. त्या दिवसापासून तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तिची सून गावाहून कळशी आणायची, ती कॉटखाली झाकून ठेवलेली असायची आणि मी तिच्यापासून हातभर लांब उभं राहायचं.

रात्री तीनला तीच म्हातारी हाका मारायची, "बाई, ए बाई, भांडं." मी भांडं द्यायचे. घ्यायचे, पुसायचे, पावडर लावायचे, कूस जराशी उचलून चादर सारखी करायचे, म्हणजे पाठीला जखम होणार नाही. नऊ आठवडे. माझ्या हातचं भांडं चालत होतं, पाणी चालत नव्हतं. शेवटपर्यंत चाललं नाही. बऱ्या होऊन गेल्या त्या दिवशी त्यांनी सुनेकरवी मला साडी-चोळी पाठवली, आणि ती साडी देताना सुनेने ती माझ्या हातात न ठेवता टेबलावर ठेवली.

मला राग यायचा का? यायचा. स्लुइस रूममध्ये भांडं आपटून धुवायचे. मेट्रन एकदा म्हणाल्या, "आवाज कमी, सिस्टर, पेशंट झोपलेत." बस एवढंच. त्यांनी मला क्षमेवर प्रवचन दिलं नाही, त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. मी दुसऱ्या रात्री परत भांडं दिलं, कारण म्हातारीची पाठ म्हातारीची होती, तिच्या मताची नव्हती. त्या पाठीला नऊ आठवड्यांत एक फोड आला नाही. नर्स असाल तर कळेल, ही काय चीज असते.

लेकरांनो, साधं ख्रिस्ती जगणं म्हणजे मला एवढंच कळलंय. त्याला फार मोठा शब्द नाही. प्रभूने शेवटच्या रात्री कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, त्यात ज्याने त्याच रात्री त्याला धरून दिलं त्याचेही पाय होते. ते धुताना घंगाळाचा आवाज झाला असेल का, असा एक अभद्र विचार माझ्या मनात येतो.

पण इथे थांबून एक गोष्ट मला नीट सांगू द्या, नाहीतर कोणीतरी म्हणेल की सिस्टर आपल्याला गप्प बसायला सांगतेय. तसं नाही. "नम्र राहा" हे आपल्या लोकांना चर्चमध्ये येऊन शिकावं लागलं नव्हतं. ते गावाने शिकवलंच होतं, काठीने. त्यामुळे व्यासपीठावरून कोणी नम्रतेवर बोलायला लागलं की मी आधी बोलणाऱ्याच्या पायांतले बूट बघते. गरिबी आणि साधेपणा यांची आपण फार गल्लत करतो. आपल्यातल्या पुष्कळांचं साधं राहणं हे व्रत नाही, ती सक्ती आहे, आणि त्यातली थोडी सक्ती कायद्याची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी फक्त हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांना घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेले अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही अट काढा म्हणून सांगितलं. तेही कागदावर राहिलं. गाव जात विसरत नाही, घरमालक विसरत नाही, फक्त सरकारी दाखला विसरतो. या मागणीसाठी मोर्चा निघाला तर या वयातही, गुडघ्याला पट्टा बांधून, मी येईन. कोणी आपल्या प्रार्थनेत येऊन दांडगाई केली तर पोलीस ठाण्यात जायचं, एफआयआर नोंदवल्याशिवाय उठायचं नाही. संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ तरुण संघाच्या प्रत्येक पोराला तोंडपाठ हवं, पेटीवरच्या गाण्यांइतकं.

साधेपणा आणि ताठ कणा एका बाईत कसे नांदतात ते बघायचं असेल तर केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जा. दौंडच्या अलीकडे, फार लांब नाही. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं, आणि १८९३ मध्ये मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून एवढा गदारोळ झाला की रानडे-भांडारकरांसारखे भले लोकसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडले. इकडे सनातन्यांनी टाकलेलं, तिकडे इंग्लंडच्या मठातल्या ज्या बहिणींनी त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत नेलं, त्यांच्याशीही त्या वाद घालत होत्या, कारण डोळे झाकून हो म्हणायला त्या तयार नव्हत्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी प्लेगच्या इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून मांडलं. सरकार ख्रिस्ती, त्याही ख्रिस्ती, तरी लिहिलं. अंगावर सुती पांढरं लुगडं. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींबरोबर राहणं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं, आणि ते खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. छापखान्यात खिळे जुळवायला त्याच बायका-मुली. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक त्यांच्या मागून बाहेर आलं. त्यांच्या अंगावर किती चिखल उडाला याची मोजदाद नाही, आणि त्यांनी चिखलाला उत्तर म्हणून कमान बांधल्याचं मी ऐकलेलं नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं तुम्हाला सांगायला नको. आपल्या रविवारच्या गाण्यांतली कितीतरी त्यांची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि घरदार, भाऊबंद, सगळं एका दिवसात परकं झालं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या आणि मग स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या बुद्धीने आल्या. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा हा माणूस १९१७ मध्ये मिशनची नोकरीसुद्धा सोडून मोकळा झाला. 'देवाचा दरबार' नावाचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एका सतरंजीवर. सतरंजीला मोठी-लहान अक्षरं नसतात.

फार जुनी उदाहरणं झाली असं वाटत असेल तर वसईचे फादर दिब्रिटो घ्या. २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू कसा चालतो म्हणून केवढा विरोध झाला. ते दुखरी पाठ घेऊन आले, बोलायचं ते स्वच्छ मराठीत बोलले. ज्याने वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी अर्धं आयुष्य बिल्डरांशी भांडण केलं, त्याला शिव्यांची सवय असणारच होती.

आता आपल्या घरातलं.

आमच्या लहानपणी नाताळला आई करंज्या, शंकरपाळी, चकल्या करायची आणि आळीत ताटं पाठवायची, वर क्रोशाचा रुमाल. ताट न्यायचं काम माझं. समोरच्या घरी ताट दिलं की बाई हसून घ्यायच्या. एका वर्षी मी रुमाल विसरले म्हणून परत गेले, तर आमच्या करंज्या मागच्या उकिरड्यावर. राखेत पडलेल्या. मी रडत घरी आले. आई भांडी घासत होती. तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, "आपलं काम ताट देणं. पुढच्या वर्षी रुमाल विसरू नको." पुढच्या वर्षी परत पाठवलं मला. त्याच्या पुढच्याही. पुष्कळ वर्षांनी त्या घरातला धाकटा मुलगा, आता तोही आजोबा झालाय, मला बाजारात भेटला आणि म्हणाला, "ताई, एक सांगू का? त्या करंज्या मी राख झटकून खायचो. आईला माहीत नव्हतं." आम्ही दोघं भाजीच्या गाड्यासमोर उभं राहून एवढे हसलो की भाजीवाली बघत राहिली. लॉनवरच्या डीजेच्या नाताळात असल्या करंजीला जागा कुठे आहे, ते मला कळत नाही. इव्हेंटवाले ताटं वाटत नाहीत. ते काउंटर लावतात.

लग्नांचंही तेच होत चाललंय. माझं लग्न लाडू-चिवडा आणि चहावर झालं, मंडळीच्या आवारात, संध्याकाळी साडेचारला. पेटी आमच्याच मास्तरांनी वाजवली. गेल्या वर्षी आपल्यातल्या एका घराने मुलीच्या लग्नासाठी घर गहाण ठेवलं. प्री-वेडिंग, हळद, संगीत, ड्रोन. का, तर मुलीच्या ऑफिसचे लोक येणार होते आणि "आपण कमी दिसायला नको." ऑफिसचे लोक आले, जेवले, गेले. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. मला त्या बापाला बोल लावायचा नाही. कमी दिसण्याची भीती त्याला आपणच, रविवारी उपासनेनंतर एकमेकांच्या कपड्यांकडे बघून, घातलेली आहे.

आणि हिणवायचंच असेल तर लोकांनी आपल्याला एका गोष्टीवरून खुशाल हिणवावं. मिशनच्या जमिनींवरून आपसांत चाललेली भांडणं, धर्मादाय आयुक्तांकडच्या तारखा, दोन गटांचे दोन सेक्रेटरी आणि दोघांचे दोन शिक्के. बाहेरच्या कोणी आपल्यावर घातलेले खटले मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आपणच आपल्यावर घातलेले मोजायला मोठी वही लागेल. पाळकसाहेब, हे तुमच्या कानाला बरं वाटणार नाही हे मला ठाऊक आहे. पण कमानीला विरोध करणारी मी आणि कोर्टातल्या भांडणावर गप्प बसणारीही मी, असं झालं तर माझा साधेपणा फुकट गेला.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण साधारण १० लाख ८० हजार होतो. सव्वाअकरा कोटींत. शंभरात एकसुद्धा पुरता भरत नाही. एवढ्या थोड्या माणसांना मोठं दिसायचं म्हटलं तर सारखं टाचांवरच उभं राहावं लागेल. माझ्या वयात टाचा दुखतात. तुमच्याही दुखतील.

त्या मुलाला मला एक वेगळं सांगायचंय. पुढच्या वेळी डब्यावर कोणी विचारलं, आज्याला किती मिळाले, तर हसू नको. चिडूही नको. सरळ सांग: पाच जणांना एक पायली ज्वारी मिळाली आणि एक शब्द मिळाला. शब्द कुठला ते विचारतील. त्यांना सलाम कर आणि डबा खा. आईने दिलेली चटणी त्यालाही वाढ.

पंचांना माझं मागणं फार नाही. कोनशिला नको. बसवायचीच असेल तर कोरी बसवा, मुलांना खडूने लिहायला होईल. भिंत पाडू नका, ती आपल्याच लोकांनी दुष्काळी कामावरून सुटल्यावर रचलेली आहे, आणि दगडाला अजून काही झालेलं नाही. फक्त घंटेचा दोर बदला, तो माझ्या डोळ्यांदेखत दोनदा गाठ मारून वापरला गेलाय. माझे ५,००० मी देते, पावती नको, त्यातून ज्या घरी यंदा फी भरायची राहिलीय तिथे द्या. कोणतं घर ते मी कानात सांगेन.

आणि फाटकाजवळचा रांजण. तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल, बाजाराच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आपण पाणी भरून ठेवत होतो, चार पेले साखळीने बांधून. पुढे लोक बाटल्या घेऊन हिंडायला लागले, कोणीतरी "त्यांच्या रांजणाचं पाणी" असं काही बोललं, आणि आपण मनाला लावून घेऊन तो कोपऱ्यात पालथा घातला. गुरुवारी मी दोन पोरींना घेऊन तो सरळ केला. आत कोळ्यांची जाळी होती आणि एक पाल. घासला, दोनदा कडकडीत पाण्याने धुतला, तडा कुठे नाही. पेले नवे आणलेत, स्टीलचे.

मंगळवारी बाजार आहे. आवारातल्या नळाची चावी पंचांकडे असते. सोमवारी संध्याकाळी मी ती मागायला येईन, घरी असा.

तुमचीच,
शेवटच्या बाकावरची सिस्टर